किडनीची वेगळी ठेवण आणि फुगलेली महाधमनी

मुतखड्याच्या संशयावरून पोटाची सोनोग्राफी करून घेणं सिंधुदुर्गात नवं राहिलेलं नाही. मालवण, आचरा, देवबागकडची माणसं कुडाळ-कणकवलीला जातात, भरपूर पाणी पिऊन बाकावर नंबराची वाट बघत बसतात आणि दुपारपर्यंत रिपोर्ट हातात पडतो. कधी कधी त्या रिपोर्टात खड्याचं नावही नसतं, पण दोन अनोळखी नोंदी असतात. पहिली ‘हॉर्सशू किडनी’, म्हणजे दोन्ही किडन्या खालच्या टोकांनी एकमेकींना जोडलेल्या. दुसरी ‘अ‍ॅब्डॉमिनल एओर्टिक एन्युरिझम’, म्हणजे पोटातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी एका जागी फुगलेली.

घरच्यांना वाटतं, हे दोन वेगवेगळे आजार आहेत. पण रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे गेल्यावर ते कोड्यात पडतात. दुरुस्ती रक्तवाहिनीची करायची असते, आणि डॉक्टर मात्र पुन्हा पुन्हा किडनीकडे वळतात. तिची ठेवण कशी आहे, तिला रक्त कुठून येतं, किती वाटांनी येतं, हेच विचारत राहतात. किडनी नीट काम करते आहे, क्रिएटिनिन नॉर्मल आहे, लघवीची तक्रार नाही. मग तिचा इथे संबंध काय?

संबंध आहे आणि तो घट्ट आहे. किडनी जन्मापासून वेगळ्या जागी किंवा वेगळ्या आकाराची असणं हा बहुतेकदा आजार नसतो. सत्तर वर्षं ती काही त्रास देत नाही. मात्र जिच्यातून तिला रक्त मिळतं, त्या महाधमनीत दुरुस्तीची वेळ आली की तिची प्रत्येक धमनी कुठून निघते हे आधी ठाऊक असावंच लागतं. ते का, हे पायरीपायरीने पाहू.

महाधमनी कुठे आणि का फुगते

हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून खाली येते, पोटात पाठीच्या कण्याला लागून उतरते आणि बेंबीच्या पातळीजवळ दोन फाट्यांत विभागते. हे फाटे पुढे दोन्ही पायांकडे जातात. पोटातल्या वाटेवर तिच्यातून जठर, यकृत, आतडी यांच्याकडे शाखा निघतात. बेंबीच्या थोडं वर, उजवीकडे एक आणि डावीकडे एक, अशा दोन धमन्या किडन्यांकडे जातात. प्रत्येकीची जाडी साधारण ५ ते ६ मिलिमीटर. किडन्या आकाराने मुठीएवढ्या, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त, त्यांच्याकडे जातं.

पोटातल्या महाधमनीची रुंदी साधारण २ सेंटीमीटर असते. तिच्या भिंतीत दोन प्रकारचे तंतू असतात. इलास्टिनचे तंतू ताणले जाऊन पुन्हा मूळ मापावर येतात. कोलॅजेनचे तंतू भिंतीला बळकटी देतात. वय, उच्च रक्तदाब, घराण्यातला कल आणि सर्वांत जास्त म्हणजे विडी-सिगारेटचा धूर यांमुळे हे तंतू झिजतात. शरीर नवं इलास्टिन फारसं बनवत नाही, त्यामुळे झीज भरून निघत नाही. मग आतल्या दाबाने भिंत हळूहळू बाहेर येते. रुंदी ३ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त झाली की डॉक्टर तिला एन्युरिझम म्हणतात. बहुतेक रुग्णांत हा फुगवटा किडनीच्या धमन्यांच्या खाली, दोन फाटे पडण्याच्या आधीच्या भागात असतो. या गोष्टीला पुढे फार महत्त्व येणार आहे.

फुगवट्याचा एक वाईट गुण असा, की तो जितका मोठा होतो तितका लवकर वाढतो. रक्तदाब तेवढाच राहिला तरी नळीची त्रिज्या वाढेल त्या प्रमाणात तिच्या भिंतीवरचा ताण वाढतो. लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने हा नियम ओळखला जातो. २ सेंटीमीटरची धमनी ६ सेंटीमीटर झाली, तर भिंतीवरचा ताण तिप्पट होतो. आणि भिंत तर आधीपेक्षा पातळ झालेली असते.

साडेपाच सेंटीमीटरची रेघ

प्रत्येक फुगवट्याला शस्त्रक्रिया लागत नाही. ३ ते ४ सेंटीमीटरपर्यंत काही वर्षांच्या अंतराने सोनोग्राफी पुरते. ४ च्या पुढे दरवर्षी आणि ५ च्या पुढे दर सहा महिन्यांनी माप घेतात. पुरुषांत ५.५ आणि बायकांत ५ सेंटीमीटरच्या आसपास माप गेलं, वाढ झपाट्याने होऊ लागली किंवा पोटात-पाठीत दुखू लागलं, की दुरुस्तीचा विचार सुरू होतो. या मापाच्या अलीकडे शस्त्रक्रियेचा धोका फुटण्याच्या धोक्यापेक्षा जास्त असतो. पलीकडे गेल्यावर हा हिशेब उलटतो. फुगवटा फुटला तर बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. कित्येक जण रुग्णालयापर्यंतही पोहोचत नाहीत.

या आजाराचे सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे आल्बर्ट आइन्स्टाइन. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ निसेन या सर्जनने त्यांचं पोट उघडून फुगलेल्या महाधमनीभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला. भिंतीभोवती चट्टा तयार होऊन तिला आधार मिळावा, एवढाच त्यामागचा हेतू. त्या काळी याहून चांगला उपाय हाताशी नव्हता. पुढे १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगवटा फुटला. तोवर महाधमनीचा तुकडा बदलण्याची शस्त्रक्रिया सुरू झाली होती, कारण १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी ती करून दाखवली होती. पण आइन्स्टाइन यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला आणि ते गेले.

पोट न उघडता दुरुस्ती

जुनी पद्धत म्हणजे पोट उघडायचं, महाधमनीला वरून आणि खालून चिमटे लावायचे, फुगलेला भाग उघडायचा आणि आत पॉलिएस्टरची नळी शिवायची. ही शस्त्रक्रिया आजही होते आणि टिकाऊ आहे. पण वयस्कर, हृदय-फुप्फुस कमजोर असलेल्या रुग्णाला ती झेपेलच असं नाही. १९९० साली अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरिस शहरात हुआन पारोदी यांनी दुसरी वाट चोखाळली. जांघेतल्या धमनीतून नळी वर नेऊन त्यांनी फुगवट्याच्या आतच नवा मार्ग बसवला. छातीतल्या महाधमनीवर असाच प्रयोग १९८७ मध्ये खार्किवच्या निकोलाय वोलोदोस यांनी केला होता. या पद्धतीचं इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘ईव्हार’.

हे काम असं चालतं. दोन्ही जांघांत बारीक छेद घेऊन किंवा नुसती सुई टोचून धमनीत तार सरकवतात. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत ती तार फुगवट्याच्या वर नेतात. त्या तारेवरून घट्ट मिटलेला ग्राफ्ट वर जातो. ग्राफ्ट म्हणजे पॉलिएस्टर किंवा तशाच कापडाची नळी, धातूच्या जाळीने ताठ धरलेली. या जाळीसाठी निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू पुष्कळदा वापरतात, कारण तो दाबून ठेवला तरी सुटताच मूळ आकार घेतो. ग्राफ्ट योग्य जागी आला की वरचं वेष्टण मागे ओढतात आणि तो आतून उघडून भिंतीला टेकतो. त्याचा एक पाय एका बाजूच्या फाट्यात जातो. दुसरा पाय दुसऱ्या जांघेतून आणून आतच जोडतात. मग रक्त ग्राफ्टमधून वाहतं आणि बाहेरच्या फुगवट्यावरचा दाब उतरतो.

डोंगरातल्या झऱ्याचं पाणी काळ्या पाइपाने बागेत आणणाऱ्या बागायतदाराला हे लगेच समजेल. मुख्य पाइप एका जागी फुगून पातळ झाला आहे. उकरून बदलणं अवघड, म्हणून त्याच्या आतून नवा, थोडा बारीक पाइप सरकवला आणि दोन्ही टोकांना घट्ट बसवला. पाणी पूर्ववत खाली जाऊ लागलं, फुगलेल्या भागाला आता ताण नाही. पण त्याच फुगलेल्या भागातून एखादी नळी बाजूच्या माडांकडे काढलेली असेल, तर ती कोरडी पडली. मुख्य पाइप वाचला, ते माड वाळले. वेगळ्या ठेवणीच्या किडनीत नेमकी हीच भीती असते.

ग्राफ्ट वरच्या टोकाला घट्ट बसण्यासाठी किडनीच्या धमन्यांच्या खाली महाधमनीचा न फुगलेला तुकडा लागतो. डॉक्टर त्याला फुगवट्याची ‘मान’ म्हणतात. ती साधारण १० ते १५ मिलिमीटर लांब असावी लागते. साध्या ठेवणीत दोन्ही धमन्या या मानेच्या वर असतात, त्यामुळे ग्राफ्टचं कापड त्यांच्या खाली सुरू होतं आणि किडन्यांचं रक्त अडत नाही. वेगळ्या ठेवणीत काही धमन्या मानेतून, फुगवट्यातून किंवा त्याहूनही खालून निघतात. ग्राफ्ट त्यांच्या तोंडावरूनच जातो.

किडन्या वर चढतात तेव्हा

अशा वेगळ्या जागांहून धमन्या निघतात कशा? उत्तर जन्माच्या आधीच्या काळात आहे. किडन्या पहिल्यापासून कमरेच्या वरच्या भागात नसतात. गर्भाच्या पाचव्या आठवड्याच्या सुमाराला त्या ओटीपोटात तयार होऊ लागतात आणि नवव्या आठवड्यापर्यंत वर चढून आपल्या जागी पोहोचतात. चढता चढता त्या आतल्या बाजूला वळतातही. या प्रवासात त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बदलत राहतात. सुरुवातीला खालच्या फाट्यांतून रक्त येतं. किडनी वर सरकली की महाधमनीतून तिच्या पातळीवर नवी शाखा फुटते आणि खालची जुनी शाखा विरून जाते. शेवटी प्रत्येक किडनीला एक धमनी उरते.

हा क्रम पुष्कळदा थोडा चुकतो. एखादी जुनी शाखा विरत नाही आणि किडनीला दोन किंवा तीन धमन्या राहतात. आकाराने आणि जागेने अगदी साध्या किडन्या असलेल्या माणसांतही चौघांत एकाला अशी जादा धमनी असते. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास होती. या प्रमाणाने जिल्ह्यात दोन लाखांहून जास्त लोकांना जादा धमनी असणार, आणि त्यांतल्या जवळजवळ कुणालाच त्याचा पत्ता नसणार.

कधी चढताना दोन्ही किडन्यांची खालची टोकं एकमेकींना चिकटतात. त्यांना जोडणारा पट्टा महाधमनीच्या पुढून जातो. वर जाताना तो आतड्याकडे निघणाऱ्या एका धमनीखाली अडकतो आणि चढण तिथेच थांबते. हीच ‘हॉर्सशू’, म्हणजे नालाकृती किडनी. इटलीतल्या बेरेंगारियो दा कार्पी या वैद्याने सोळाव्या शतकात शवविच्छेदनात पाहून तिचं वर्णन केलं. सुमारे चारशे ते सहाशे माणसांत एकाची किडनी अशी असते. त्या हिशेबाने सिंधुदुर्गात चौदाशे ते एकवीसशे माणसं तरी अशी निघतील. वर चढणं मध्येच थांबल्यामुळे अशा किडनीच्या जुन्या शाखा विरत नाहीत. तिच्या धमन्या पाच-सहापर्यंतही असू शकतात आणि महाधमनीच्या वेगवेगळ्या उंचीवरून, कधी थेट खालच्या फाट्यांतून निघतात.

वेगळ्या ठेवणीचे आणखी काही प्रकार आहेत. एखादी किडनी वर चढतच नाही आणि ओटीपोटात राहते. तिची धमनी महाधमनीच्या अगदी शेवटाहून किंवा फाट्यातून येते. कधी एक किडनी दुसऱ्या बाजूला जाऊन तिथल्या किडनीला चिकटते. काहींना जन्मतः एकच किडनी असते. प्रत्यारोपण झालेल्यांची गोष्ट आणखी निराळी. नवी किडनी जांघेच्या वर, पोटाच्या खालच्या बाजूला बसवतात आणि तिची धमनी पायाकडे जाणाऱ्या फाट्याला जोडतात. म्हणजे तिचं सगळं रक्त दुरुस्ती करायच्या महाधमनीतूनच खाली यायचं असतं.

धमनी झाकली तर काय होतं

शरीरातल्या काही अवयवांना आजूबाजूच्या वाहिन्यांतून उसना रक्तपुरवठा मिळतो. किडनीला ती सोय नाही. तिच्या प्रत्येक धमनीचा आपला भाग ठरलेला असतो. ती बंद झाली की तेवढा भाग मरतो. रुग्णाला कुशीत दुखतं, ताप येतो, क्रिएटिनिन वाढतं, कधी रक्तदाब चढतो. मेलेला भाग परत येत नाही.

म्हणून सर्जनपुढचा खरा प्रश्न असा असतो, की कोणती धमनी झाकली तर चालेल आणि कोणती वाचवलीच पाहिजे? जादा धमनी ३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल, किंवा एका तृतीयांशाहून जास्त किडनी तिच्यावर अवलंबून असेल, तर ती वाचवावी, अशी शिफारस आहे. त्याहून बारीक धमनी झाकली तर सहसा किडनीचा लहानसा तुकडा जातो आणि डायलिसिसची वेळ येत नाही. मात्र किडनी आधीच कमजोर असेल किंवा एकच असेल, तर बारीक धमनीलाही मोल येतं.

झाकलेल्या धमनीची दुसरीही एक बाजू आहे. ती फुगवट्यातूनच निघत असेल, तर दुसऱ्या वाटेने आलेलं रक्त तिच्यातून उलटं वाहून फुगवट्यात शिरू शकतं आणि त्यावरचा दाब कायम ठेवू शकतं. अशा गळतीला ‘एन्डोलीक’ म्हणतात. आतड्याच्या आणि कमरेच्या बारीक धमन्यांतूनही ती होते. म्हणून कधी कधी ग्राफ्ट घालण्याआधी किंवा नंतर अशी वाट बारीक तारेची गुंडाळी ठेवून बंद करतात.

मग पोट उघडूनच का करू नये?

नालाकृती किडनीत तेही सोपं नसतं. पोट पुढून उघडलं की फुगलेल्या महाधमनीवर किडन्यांचा जोडपट्टा आडवा येतो. काहींत तो नुसता तंतूंचा असतो, पण बहुतेकांत ती जिवंत, काम करणारी किडनी असते. तो कापला तर रक्त जातं आणि मूत्रही गळू शकतं. मूत्राचा जंतुसंसर्ग नव्या ग्राफ्टपर्यंत गेला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून अनुभवी सर्जन बऱ्याचदा डाव्या कुशीतून, आतड्यांच्या मागून वाट काढतात आणि जोडपट्टा न कापता किडनी पुढे सरकवून महाधमनीपर्यंत पोहोचतात. फुगवट्यातून निघणाऱ्या महत्त्वाच्या धमन्या नव्या नळीला शिवून जोडता येतात, हा या वाटेचा मोठा फायदा.

ईव्हारमध्ये जोडपट्ट्याला हातही लागत नाही, कारण सगळं काम रक्तवाहिनीच्या आतून होतं. त्यामुळे नालाकृती किडनी असलेल्यांना ही पद्धत आकर्षक वाटते. अडचण फक्त धमन्यांची. त्यावरही उपाय निघाले आहेत. एक म्हणजे ग्राफ्टच्या कापडाला रुग्णाच्या मापाने खिडक्या ठेवायच्या. प्रत्येक खिडकी एका धमनीच्या तोंडासमोर येते आणि तिच्यातून लहान स्टेंट त्या धमनीत बसवतात. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथल्या डॉक्टरांचा या पद्धतीच्या विकासात मोठा वाटा आहे. धमनी रुंद फुगवट्यातून निघत असेल, तर खिडकी भिंतीला टेकत नाही. मग कापडालाच लहान फांदी जोडलेला ग्राफ्ट लागतो. तिसरा मार्ग म्हणजे ग्राफ्टच्या बाहेरून, भिंत आणि कापड यांच्यामधून धमनीसाठी स्वतंत्र नळी वर नेणं. तिला ‘चिमणी’ म्हणतात. तिच्या कडेने गळती होण्याची शक्यता असते. मापाने बनवलेला ग्राफ्ट तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि तो खर्चिकही असतो. फुटायला आलेला फुगवटा तेवढी वाट पाहत नाही.

एक उदाहरण

मच्छीमारीत आयुष्य गेलेले ७१ वर्षांचे गृहस्थ आहेत असं समजा. चाळीस वर्षं विडी, रक्तदाबाची गोळी सुरू, फुगवटा ५.८ सेंटीमीटर, किडनी नालाकृती. सीटी अँजिओग्राफीत चार धमन्या दिसल्या. उजवी आणि डावी मुख्य धमनी मानेच्या वर, दोन्ही ठीक. तिसरी २ मिलिमीटरची, मानेतून निघून डाव्या किडनीच्या खालच्या टोकाकडे गेलेली. चौथी ४ मिलिमीटरची, फुगवट्याच्या तळातून निघून जोडपट्ट्याकडे गेलेली.

तिसरीचा निर्णय सोपा आहे. ती झाकली तर लहान तुकडा जाईल, आणि क्रिएटिनिन नॉर्मल असेल तर तेवढं नुकसान सोसता येतं. खरा विचार चौथीचा. ती ३ मिलिमीटरहून जाड आहे आणि जोडपट्टा जिवंत किडनीचा आहे. गृहस्थांचं हृदय आणि फुप्फुस चांगलं असेल, तर डाव्या कुशीतून उघडी शस्त्रक्रिया करून ती धमनी नव्या नळीला शिवणं योग्य ठरू शकतं. हृदय कमजोर असेल, तर फांदीच्या ग्राफ्टचा विचार करावा लागेल. तेही शक्य नसेल आणि किडनीचं काम भरपूर शिल्लक असेल, तर ती धमनी झाकून प्राण वाचवणं हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. पण तो रुग्णाला आणि घरच्यांना नीट समजावून, त्यांच्या संमतीने घ्यायला हवा. एकच रिपोर्ट आणि तीन वेगळी उत्तरं! म्हणूनच ‘ऑपरेशन कोणतं चांगलं?’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही.

सीटी वाचताना सर्जन एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचे काप एकामागून एक पाहतात. प्रत्येक धमनीचं तोंड कोणत्या उंचीवर आहे, घड्याळाच्या काट्याप्रमाणे कोणत्या दिशेला आहे आणि ती किती जाड आहे, हे टिपून ठेवतात. दोन्ही बाजूंच्या किडनीचं काम किती-किती टक्के आहे, हे लागल्यास डीटीपीए स्कॅनवरून ठरतं.

तपासणी आणि नंतरची काळजी

सीटी अँजिओग्राफीत आणि ईव्हारमध्ये जे द्रव्य शिरेतून किंवा धमनीतून सोडतात, ते किडनीला जड जाऊ शकतं. त्यामुळे आधी क्रिएटिनिन तपासतात, शरीरात पुरेसं पाणी आहे ना ते पाहतात आणि गरज पडल्यास मधुमेहाच्या काही गोळ्या थोडे दिवस थांबवतात. सांधेदुखीसाठी मेडिकलमधून स्वतःच आणून खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या किडनीचं नुकसान करतात. त्या घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

ईव्हार झाल्यावर रुग्ण थोड्याच दिवसांत घरी येतो. ब्रिटनमध्ये झालेल्या ईव्हार-१ या चाचणीत पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू ईव्हारमध्ये १.७ टक्के, तर उघड्या शस्त्रक्रियेत ४.७ टक्के होते. पण त्याच रुग्णांचा पंधरा वर्षं मागोवा घेतल्यावर दिसलं, की सुरुवातीचा हा फायदा पुढे टिकत नाही, कारण ग्राफ्ट सरकणं, गळती होणं, फुगवटा पुन्हा वाढणं हे उशिरानेही घडतं. म्हणून ईव्हारनंतर आयुष्यभर ठरावीक अंतराने तपासणी करावी लागते. बरं वाटतंय म्हणून ती सोडून देणं धोक्याचं.

मुतखडा की फुटणारी धमनी?

एक गोष्ट मात्र प्रत्येक घरात ठाऊक असायला हवी. महाधमनीचा फुगवटा गळू लागला, की कुशीत आणि पाठीत एकाएकी तीव्र कळ येते, कधी ती जांघेकडे उतरते. हे दुखणं अगदी मुतखड्यासारखं वाटतं आणि जगभरात डॉक्टरांचीही यात फसगत झालेली आहे. साठी ओलांडलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच मुतखड्यासारखी कळ आली, तर कुळथाचं पाणी पिऊन रात्र काढू नका. सोबत घाम, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा पोटात ठोके देणारी गाठ असेल तर एक मिनिटही दवडू नका. १०८ ला फोन करा आणि ‘महाधमनी फुगलेली असू शकते’ असं स्पष्ट सांगा. ज्याला आधीच फुगवटा किंवा वेगळ्या ठेवणीची किडनी असल्याचं ठाऊक आहे, त्याच्या बाबतीत तर हे आधी सांगायचं.

थोडक्यात

• पोटातली महाधमनी साधारण २ सें.मी. रुंद असते. ३ सें.मी.च्या पुढे एन्युरिझम, पुरुषांत ५.५ आणि बायकांत ५ सें.मी.च्या आसपास दुरुस्तीचा विचार.
• ईव्हारमध्ये जांघेतून ग्राफ्ट नेऊन फुगवट्याच्या आत नवा मार्ग बसवतात.
• नालाकृती, ओटीपोटातली किंवा प्रत्यारोपित किडनी असेल, तर तिच्या धमन्या वेगळ्या जागेहून निघतात आणि ग्राफ्टखाली झाकल्या जाण्याचा धोका असतो.
• ३ मि.मी. किंवा जास्त जाडीची, किंवा किडनीच्या एक तृतीयांशाहून जास्त भागाला रक्त देणारी धमनी वाचवावी.
• ईव्हारनंतरची तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी.

आपण काय करू शकतो

ब्रिटनमध्ये पुरुषांना पासष्टाव्या वर्षी एकदा महाधमनीच्या सोनोग्राफीसाठी बोलावतात. आपल्याकडे तशी राष्ट्रीय मोहीम नाही. पण पासष्टी गाठलेल्या आणि कधीतरी धूम्रपान केलेल्या पुरुषाने हे काम स्वतःहून करून घ्यावं. ज्यांच्या भावाला किंवा वडिलांना हा आजार झाला, त्यांनी डॉक्टरांना विचारून याहूनही आधी करावं. पोटाची सोनोग्राफी एरवी करायचीच असेल, तर ‘महाधमनीचं मापही लिहा’ एवढी विनंती पुरेशी आहे. विडी-सिगारेट सोडली की फुगवट्याची वाढ मंदावते, हे डॉक्टर आग्रहाने सांगतात आणि ते खरं आहे.

सिंधुदुर्गातल्या माणसाला मोठ्या उपचारासाठी गोव्यातलं बांबोळी, कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. मालवणहून बांबोळी शंभर किलोमीटरहून जास्त लांब आहे, मुंबई सुमारे पाचशे. पुष्कळ घरांत आई-वडील गावी आणि मुलं मुंबईत चाकरीला, अशी स्थिती असते. म्हणून फुगवटा शांत असतानाच सगळं ठरवून ठेवणं महत्त्वाचं. कुठे जायचं, कोण सोबत येणार, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या. ग्राफ्टचा खर्च लाखांच्या घरात जातो, हे गृहीत धरून विचारा.

आणि जुने रिपोर्ट फेकू नका. वीस वर्षांपूर्वी मुतखड्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत ‘एक किडनी ओटीपोटात’ किंवा ‘हॉर्सशू किडनी’ असं लिहिलेलं असेल, तर तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डासोबत ठेवा, त्याचा फोटो मुंबईतल्या मुलाच्या फोनवर पाठवा, आणि पोटाच्या कुठल्याही उपचाराआधी डॉक्टरांना तो दाखवा.